वर्षास पत्र: एलएलबीच्या सीईटीला उरलेले बारा दिवस

पुणे,
रविवार

प्रिय वर्षा,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. "बारा दिवस उरलेत आणि सामान्य ज्ञानाचं जाडं पुस्तक अजून उघडलंसुद्धा नाही," हे तू दोन ठिकाणी लिहिलं आहेस. म्हणून त्याचंच उत्तर आधी देते. ते पुस्तक उघडू नकोस. कपाटात ठेव आणि ओवीला सांग, परीक्षा होईपर्यंत आईला ते दिसता कामा नये. बारा दिवसांत नवीन सहाशे पानं वाचायला बसणं म्हणजे हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागणं. तीन महिन्यांत तू जे वाचलंस त्यातलं निम्मं तरी आज अर्धवट आठवतंय, आणि अर्धवट आठवण परीक्षेत सगळ्यात जास्त मार्क खाते. चार पर्यायांतले दोन बरोबर वाटतात आणि बोट नेमकं चुकीच्या पर्यायावर पडतं. या दिवसांत ती अर्धवट आठवण पक्की करायची आहे.

आधी गणित बघ. तीन वर्षांच्या एलएलबीच्या सीईटीला 2025 पासून 120 प्रश्न आहेत, 120 मार्क, 120 मिनिटं. इंग्रजी 40, सामान्य ज्ञान आणि चालू घडामोडी 32, कायदेविषयक कल 24, तर्क 24. जुन्या सरावसंचात 150 प्रश्नांचा साचा असतो, त्याच्या वेळेवर आपली वेळ लावू नकोस. चुकीच्या उत्तराला मार्क कापत नाहीत. हे तुला माहीत आहे, तरी तू पाठवलेल्या सराव पेपरात नऊ प्रश्न कोरे आहेत! एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. बारा प्रश्नांवर डोळे मिटून टिचकी मारली तरी सरासरीने तीन मार्क येतात, आणि काठावरच्या गर्दीत तीन मार्कांनी कॉलेज बदलतं.

सगळ्यात मोठा वाटा इंग्रजीचा, आणि तू इंग्रजीला देतेस दिवसाला फक्त वीस मिनिटं. "भाषा काय, ती येतेच किंवा येत नाही" असं आपण धरून चालतो. पण वाक्यातली चूक शोधायच्या प्रश्नांत ठरावीक वीस-पंचवीस नियमच फिरून फिरून येतात, आणि आपण मराठी माणसं त्यात ठरावीक जागीच अडकतो. "सकाळपासून" आणि "दोन तासांपासून" या दोन्हींत आपल्याला "पासून" पुरतं. इंग्रजीत सकाळ हा सुरुवातीचा क्षण म्हणून तिथे सिन्स, आणि दोन तास हा कालावधी म्हणून तिथे फॉर. "विषयी चर्चा करणे" डोक्यात असतं म्हणून डिस्कसपुढे अबाउट लागतो, तो नको. सुपीरिअर, ज्युनिअर, प्रिफर यांच्यापुढे दॅन येत नाही, टू येतो. नो सूनरची जोडी दॅनशी, हार्डली आणि स्केअर्सलीची व्हेनशी. लेस्टनंतर शुड, आणि त्यात नॉट घालायचा नाही, कारण नकार लेस्टमध्येच आहे. वन ऑफ द म्हटलं की पुढचं नाम अनेकवचनी आणि क्रियापद एकवचनी. नायदर-नॉरमध्ये क्रियापद जवळच्या कर्त्याप्रमाणे चालतं. एवढं एका पानावर लिही आणि रोज सकाळी चहा उकळेपर्यंत वाच. शब्दसंग्रहाची नवी यादी आता हातात घेऊ नकोस. सराव पेपरांत चुकलेलेच शब्द घे, तेच पुरेसे निघतील. उताऱ्यात आधी प्रश्न वाच, मग उतारा. उत्तर उताऱ्यात काय लिहिलंय त्यावरून द्यायचं, आपल्याला काय पटतं त्यावरून नाही.

आता चुकांची वही. तू चुकलेले प्रश्न जसेच्या तसे उतरवून घेतेस, त्यात वेळ जातो आणि हाती काही लागत नाही. प्रत्येक चुकीपुढे फक्त एक अक्षर लिही. मुळात माहीतच नव्हतं तर "अ". माहीत होतं पण दोन गोष्टींची गल्लत झाली तर "ग". प्रश्न नीट वाचला नाही तर "व". "अ" ला आता हात लावायचा नाही, अपवाद फक्त एखादी गोष्ट तीन वेगवेगळ्या पेपरांत आली असेल तर. "ग" साठी त्या दोन गोष्टी शेजारी शेजारी लिहायच्या. "व" साठी वाचन वाढवून काही होत नाही. "खालीलपैकी कोणते विधान अयोग्य आहे", "वगळता", "नाही" असे शब्द दिसले की कच्च्या कागदावर नकाराची खूण करायची सवय लाव. तुझ्या त्या पेपरात मी मोजले तर एकतीस चुकांत अकरा "व" निघाल्या. ते अकरा मार्क तुझेच आहेत, नुसते उचलायचे आहेत.

उजळणी करताना पान पुन्हा वाचू नकोस. ओळखीचं पान वाचलं की "हे येतंय" असं वाटतं, आणि ओळखणं म्हणजे आठवणं असं आपण समजून बसतो. पुस्तक मिटून कोऱ्या कागदावर दहा मिनिटांत आठवेल तेवढं लिही, मग पुस्तक उघडून लाल पेनाने राहिलेलं भर. दुसऱ्या दिवशी फक्त लाल अक्षरं. चौथ्या दिवशी पुन्हा कोरा कागद.

कायद्याच्या भागात तुझा गोंधळ नव्या-जुन्या कलमांचा आहे आणि तो साहजिक आहे. 1 जुलै 2024 पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, 511 कलमांची 358 झाली. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी नागरिक सुरक्षा संहिता, 531 कलमांची. पुरावा कायद्याच्या जागी साक्ष्य अधिनियम, 170 कलमांचा. सगळा तक्ता पाठ करणं आता जमणार नाही. खुनाची शिक्षा 302 वरून 103 वर गेली, खुनाचा प्रयत्न 307 वरून 109 वर, फसवणूक 420 वरून 318 वर, हुंडाबळी 304-ब वरून 80 वर, निष्काळजीपणाने मृत्यू 304-अ वरून 106 वर. पती किंवा त्याच्या नातेवाइकांकडून होणारी क्रूरता 498-अ वरून 85 वर गेली. हे आणि असे मिळून पंधरा पुरेत.

खरा सापळा मात्र जुना आकडा नव्या कायद्यात दुसऱ्याच अर्थाने जिवंत आहे तिथे आहे. जुन्या प्रक्रिया संहितेतलं जमावबंदीचं 144 आता नागरिक सुरक्षा संहितेत 163 आहे, आणि तिच्यातलं 144 पोटगीचं आहे, जे पूर्वी 125 होतं. जुन्या प्रक्रिया संहितेतलं 482 उच्च न्यायालयाच्या अंगभूत अधिकारांचं होतं. नव्यात 482 म्हणजे अटकपूर्व जामीन आणि अंगभूत अधिकार 528 मध्ये. न्याय संहितेतलं 304 म्हणजे हिसकावून चोरी, आपल्याकडची मंगळसूत्र-चोरी त्यात बसते. म्हणून प्रश्नात कलमाचा आकडा दिसला की आधी कायद्याचं नाव वाच, मगच पर्यायांकडे वळ.

संविधानात घटनादुरुस्त्यांची गल्लत होते. 42वी 1976 ची: प्रस्तावनेत समाजवादी, धर्मनिरपेक्ष आणि एकात्मता आले, दहा मूलभूत कर्तव्यं आली. 44वी 1978 ची: मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांतून निघून 300-अ मध्ये गेला. 86वी 2002 ची: शिक्षणाचा हक्क 21-अ आणि अकरावं कर्तव्य, दोन्ही एकदमच. प्राधिलेखांची, म्हणजे न्यायालयाच्या रिटची, मराठी नावं जड जातात असं लिहिलंस. पेपर इंग्रजी आणि मराठी दोन्हींत असतो, म्हणून देहोपस्थिती, महादेश, प्राकर्षण वाचून अडखळलीस तर सरळ शेजारचं इंग्रजी बघ, हेबियस कॉर्पस, मँडॅमस, सर्शिओरारी. प्रतिषेध, म्हणजे प्रोहिबिशन, खालच्या न्यायालयाचा निर्णय होण्याआधी, प्राकर्षण निर्णय झाल्यावर. सर्वोच्च न्यायालयाचं कलम 32 फक्त मूलभूत हक्कांसाठी, उच्च न्यायालयाचं 226 इतर कारणांसाठीही, म्हणून प्राधिलेखांच्या बाबतीत उच्च न्यायालयाची व्याप्ती सर्वोच्च न्यायालयापेक्षा मोठी. उलटं वाटतं म्हणूनच ते विचारतात.

लॅटिन वचनं गोष्टीला बांधून ठेव. 1703 च्या ॲशबी खटल्यात मतदाराला मत देऊ दिलं नाही, त्याचा उमेदवार तरीही निवडून आला. नुकसान काहीच नाही, पण हक्क मोडला, म्हणून भरपाई. हे इंज्युरिया साइनी डॅमनो. 1410 च्या ग्लॉस्टर शाळेच्या खटल्यात शेजारी दुसरी शाळा निघाली, जुन्या शाळेची फी घटली. नुकसान झालं, हक्क मोडला नाही, भरपाई नाही. हे डॅमनम साइनी इंज्युरिया.

तत्त्व आणि प्रसंग देऊन विचारलेल्या प्रश्नांत तू मनाचा न्याय लावतेस. तत्त्व असं दिलं, की अज्ञानाचा, म्हणजे अठरा वर्षांखालच्याचा, करार मुळातच रद्दबातल. प्रसंग असा, की सतरा वर्षं अकरा महिन्यांच्या मुलाने खोटं वय सांगून कर्ज काढलं. तू "त्याने फसवलं, पैसे परत द्यावेत" हा पर्याय निवडलास. तत्त्वात फसवणुकीचा उल्लेखच नाही. करार रद्दबातल, एवढंच उत्तर. 1903 च्या मोहरीबीबी खटल्यातही अज्ञानाने वय लपवल्याचा मुद्दा आला होता आणि करार रद्दबातलच ठरला. तुझं मन चांगलं आहे, पण त्या प्रश्नापुरतं ते बाजूला ठेव.

चालू घडामोडींसाठी रोज अर्धा तास, त्याहून जास्त नको. पदांवरच्या व्यक्तींची एक यादी कर आणि परीक्षेच्या दोन दिवस आधी पुन्हा तपास, कारण सरावसंच छापून झाल्यावर माणसं बदलतात. अमरावतीचे भूषण गवई 52वे सरन्यायाधीश होते, 24 नोव्हेंबर 2025 पासून सूर्य कांत 53वे आहेत. जुन्या संचात अजून गवईच असतील. महाराष्ट्राशी जोडलेलं नक्की वाच: ऑक्टोबर 2024 मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा, जुलै 2025 मध्ये बारा किल्ले जागतिक वारसा यादीत, त्यातले अकरा महाराष्ट्रात आणि जिंजी तमिळनाडूत, ऑगस्ट 2025 पासून कोल्हापूरला मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच.

तर्काचं तुझं बरं चाललंय. नातेसंबंध आणि दिशांचे प्रश्न मनातल्या मनात सोडवू नकोस, आकृती काढ. बैठक-व्यवस्थेचा लांबलचक प्रश्न दीड मिनिटात जागेवर आला नाही तर पुढे जा.

पेपर सोडवायचा क्रम मी असा लावीन: सामान्य ज्ञान 15 मिनिटं, इंग्रजी 25, कायदा 25, तर्क 35. शंभर झाली. उरलेली वीस खूण करून ठेवलेल्या प्रश्नांना आणि शेवटी कोऱ्या राहिलेल्यांना. सामान्य ज्ञान आधी, कारण तिथे विचार करून उत्तर सुचत नाही. येतं तर येतं. तर्क शेवटी, कारण त्यात एकदा अडकलीस की घड्याळाकडे लक्ष राहत नाही. सोडवलेला पर्याय सेव्ह अँड नेक्स्ट दाबूनच पक्का कर. घाईत बाजूच्या चौकोनांतून थेट दुसऱ्या प्रश्नावर उडी मारली की निवडलेलं उत्तर राहून जातं. सीईटी कक्षाच्या संकेतस्थळावर सरावासाठीचा पेपर असतो, तो एकदा घरच्या संगणकावर माउसने सोडव. मोबाईलवर अंगठ्याने सोडवायची सवय तिथे कामाला येत नाही.

पूर्ण सराव पेपर आता चारच दे, एक दिवसाआड, तुझ्या सत्राच्या वेळेला. सत्र सकाळचं असेल तर तू रात्री दहाला बसून दिलेल्या पेपराचा अंदाज खरा नसतो. बँकेच्या दिवसांत जमलं नाही तर शनिवार-रविवारी दोन आणि रजेचे दोन दिवस. पेपर दोन तासांचा असेल तर त्याच्या चुका बघायलाही दोन तास काढ, नाहीतर तो दिलाच नाही असं समज. शेवटचा पेपर परीक्षेच्या तीन दिवस आधी. त्यानंतर नको, कारण आदल्या दिवशी मार्क कमी आले तर ते भरून काढायला वेळ नसतो आणि धास्ती तेवढी सोबत येते. सत्रं अनेक असतात आणि गुण पर्सेंटाइलमध्ये बदलून मिळतात, त्यामुळे पेपर अवघड निघाला तर तो त्या सत्रातल्या सगळ्यांनाच अवघड निघालेला असतो. कालच्या सत्राचे प्रश्न कुणी फोनवर सांगू लागलं तर ऐकू नकोस.

एक गोष्ट आजच बघ. हॉल तिकिटावर तुझं माहेरचं नाव आहे आणि आधारवर सासरचं. लग्नाच्या नोंदणीचं मूळ प्रमाणपत्र आणि नावबदलाचं गॅझेट काढलं असेल तर तेही एकाच पाकिटात ठेव. मूळ ओळखपत्र हवंच, फोनमधला फोटो दाखवून भागत नाही. हॉल तिकिटाच्या मागे छापलेल्या सूचना शब्द न् शब्द वाच. प्रवेशद्वार किती वाजता बंद होतं ते घरात सगळ्यांना दिसेल असं लिहून ठेव, आणि केंद्राचा रस्ता आदल्या रविवारी एकदा बघून ये. स्मार्ट घड्याळ घरीच.

आदल्या संध्याकाळी फक्त तीन पानं: इंग्रजीच्या नियमांचं, कलमांच्या सापळ्यांचं आणि "ग" च्या जोड्यांचं. आठला वही बंद. रात्री अकरा ते दोन जागून वाचशील त्यापेक्षा ती झोप जास्त मार्क देईल, कारण "व" च्या चुका पेंगुळलेल्या डोळ्यांनीच होतात.

मंगळवारी पहिला सराव पेपर दिलास की चुकांच्या वहीचा फोटो पाठव. किती "अ", किती "ग", किती "व" ते बघून पुढच्या तीन दिवसांचं रोजचं वाटप लिहून पाठवते. सासूबाईंना नमस्कार सांग, संध्याकाळी ओवीला त्या सांभाळतायत हे वाचून बरं वाटलं.

तुझीच,
माधुरी