कुकर लागलेला नव्हता

कराड, रविवार

चि. सोन्या,
अनेक आशीर्वाद.

परवा तू म्हणालास, "आई, बँकेच्या परीक्षा देणार नाही, बीए झालं की आश्रमशाळेत शिकवायला जाणार," आणि मी कुकर लागलाय सांगून फोन ठेवला. कुकर लागलेला नव्हता.

मीही त्याच फर्ग्युसनची. १९९१ साली एसटीतून वळकटी घेऊन उतरले होते. तुझी टेकडी, तुझी वाडिया लायब्ररी, सगळं माझंही होतं. फक्त वैशालीत आम्ही दोघींत एक कॉफी मागवायचो आणि वेटरकडं बघायचो नाही. पुरुषोत्तम करंडकाच्या दिवसांत तर घसा बसलेलाच असायचा. नाटकात माझं काम काय, तर सामान उचलायचं! पण 'अरे, आवाज कुणाचा' ओरडण्यात मी पहिली.

त्याच वर्षी सरांनी आगरकरांचं आईला लिहिलेलं पत्र समजावून सांगितलं. एकच सदरा रात्री धुऊन सकाळी घालणारा मुलगा एम.ए. व्हायला आलाय, आणि आईला कळवतोय की मोठ्या पगाराची आशा धरू नकोस, पोटापुरतं मिळवीन आणि बाकीचा वेळ लोकांसाठी घालवीन. आम्ही बाकं वाजवली. त्यांचं गाव टेंभू आपल्यापासून हाकेवर, त्यामुळं मला तर घरचंच कुणी बोलल्यासारखं वाटलं. (हल्ली टेंभू म्हटलं की लोकांना पाण्याची योजना आठवते.) ते पत्र हातात पडलेल्या बाईचं काय झालं असेल, हे मात्र मनात आलं नाही. परवा आलं, फोन ठेवल्यावर.

वर्गात जे सांगितलं नव्हतं ते मी नंतर वाचलं. १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी आणि १८८५ मध्ये आपलं कॉलेज काढणारी ही टिळक-आगरकर मंडळी तुटपुंज्या पगारावर राबायला आली होती. पुढं संसार वाढले आणि आजीव सदस्यांत पगारवाढीवरून, बाहेरच्या मिळकतीवरून चांगलीच जुंपली. टिळकांना त्याग पुरता हवा होता. घर चालायला पैसे लागतात, असं म्हणणाऱ्यांत कोण होतं? आपले आगरकर! म्हणजे ते पत्र लिहिणाराच. टिळक १८९० मध्ये बाहेर पडले. मला यात आगरकरांचा कमीपणा वाटत नाही, उलट माणूस खरा वाटतो.

१८९२ मध्ये ते प्राचार्य झाले आणि १८९५ मध्ये दम्यानं गेले. चाळिशीही गाठली नाही. स्वतःच्या अंत्यविधीचे पैसे पुडीत बांधून ठेवले होते म्हणतात. ती पुडी परवापासून माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही.

तेव्हा जायचं तर जा, मी आडवी येणार नाही. पण पगार किती, कितव्या तारखेला होतो, राहायला खोली ते देणार की तू शोधायची, हे सगळं लेखी घे. विचारताना लाजू नकोस. आणि दर हिवाळ्यात तुझी छाती भरते, तिथून दवाखाना किती लांब तेही विचार.

बाबांना अजून काही बोलले नाही. गौरी-गणपतीला येशील तेव्हा तूच सांग, जेवणं झाल्यावर. आधी नको, ते ताटावरून उठतील.

शेंगदाण्याची चटणी आणि मेतकूट शेजारच्या काकांबरोबर पाठवलंय. डबे परत आण, मागचे दोन अजून आले नाहीत.

तुझी
आई