दोन प्रती कुठून आणायच्या?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या रविवारच्या पुरवणीत 'नेटवर येतं ते साहित्य नव्हे, फार तर लिहिण्याचा सराव' असं वाचलं आणि राहवलं नाही म्हणून हे पत्र.

मी दोन्हीकडे हात पोळून घेतलेत. 2014 मध्ये माझा कथासंग्रह निघाला, निघाला म्हणजे काय तर 300 प्रतींचे पैसे प्रकाशकाने माझ्याकडूनच घेतले आणि मजकूर कुणीही न वाचता छापला, पान 43 वरचा परिच्छेद 44 वर पुन्हा आलाय तो तसाच आहे. निम्म्याहून जास्त प्रती अजून दिवाणाखाली पडून आहेत, बायको दर पावसाळ्यात त्यात डांबरगोळ्या टाकते. त्यातलीच एक कथा पुढे नेटवर टाकली तर त्याच रात्री न्यू जर्सीहून एका बाईंनी विचारलं की अहो तुमच्या विहिरीवर डिझेल इंजिन आहे ना, मग शेवटी लाइट गेल्यावर ते बंद कसं पडलं? खरं सांगतो, कपाळावर हात मारला! पुस्तक निघून दोन वर्षं झाली होती आणि एकालाही हे दिसलं नव्हतं.

आता कुणी म्हणेल छापलेलं ते गंभीर. मग 1954 साली अरुण कोलटकर, दिलीप चित्रे या कवी मंडळींनी 'शब्द' हे अनियतकालिक काढलं ते सायक्लोस्टाइल करूनच ना, म्हणजे छापखान्यात न जाता स्टेन्सिलवरून प्रती काढून? साठच्या दशकातली लघुअनियतकालिकं (जमेल तेव्हा निघणारी छोटी मासिकं) तर पदरमोड करून निघायची, आणि त्यातलेच कवी आज एमएच्या पोरांना अभ्यासाला असतात. मायबोली ही मराठी वेबसाइट 1996 पासून चालू आहे, म्हणजे नेटवरचं मराठी काही काल जन्मलेलं नाही.

नेटवर सगळं गोड आहे असंही नाही हं. 'सत्यकथा' मासिकाचे संपादक श्री. पु. भागवत, राम पटवर्धन लेखकाला कथा परत पाठवून पुन्हा लिहायला लावायचे, तसं नेटवर कोण लावणार, तिथे 'मस्त, पु.ले.शु.' (पुढील लेखनास शुभेच्छा) एवढंच. (पण 'सत्यकथा' 1982 ला बंद पडलं, त्यानंतर कागदावर तरी असे किती संपादक उरलेत?) आणि टिकण्याचं म्हणाल तर युनिकोडच्या आधी मी शुषा फाँटमध्ये (त्यात इंग्रजी अक्षरांनाच मराठी रूप दिलेलं असायचं) लिहिलेल्या चार कथा होत्या, त्या फुकटच्या साइटसकट गेल्या, सीडीवर एक फाइल सापडली ती उघडली तर सगळं एबीसीडीचं गिचमिड. दिवाणाखालचं पुस्तक निदान वाचता तरी येतं.

तर माझं म्हणणं एवढंच. तुमच्या पुरवणीत पुस्तक परीक्षणाच्या खाली चौकट असते, 'परीक्षणासाठी दोन प्रती पाठवाव्यात'. माझ्या त्या संग्रहाच्या दोन प्रती पाठवल्या होत्या, 'साभार पोच'मध्ये, म्हणजे मिळालेल्या पुस्तकांच्या यादीत, नाव आलं, झालं. पण नुसत्या नेटवर असलेल्या कादंबरीच्या दोन प्रती कुठून आणायच्या? प्रिंटाउट काढून स्पायरल बाइंडिंग करून पाठवल्या तर चालतील का? महिन्यातून एकदा तरी नेटवरच्या एखाद्या कथेचं परीक्षण छापा, आणि चांगलं झणझणीत छापा, उगाच कौतुक नको. वाटलं तर सुरुवात माझ्यापासून करा, इंजिनाची चूक आता दुरुस्त केली आहे.

आपला,
एक वर्गणीदार, कराड