ऑस्ट्रेलिया येण्याआधी आपल्या फलंदाजांची फिरकीवर परीक्षा घ्या: निवड समितीच्या अध्यक्षांना खुले पत्र

मा. अजित आगरकर,
अध्यक्ष, राष्ट्रीय निवड समिती (पुरुष क्रिकेट)

सप्रेम नमस्कार.

2027 च्या सुरुवातीला ऑस्ट्रेलियाचा संघ पाच कसोटी खेळायला भारतात येणार आहे. मालिका लांब वाटते, पण फलंदाज पारखून घ्यायला हातात असलेला वेळ फार नाही, म्हणून आत्ताच लिहितो आहे. मागणी एकच आहे. पहिले सहा फलंदाज ठरवताना आयपीएल आणि परदेशातल्या धावा बाजूला ठेवा. लाल चेंडू वळायला लागल्यावर हा माणूस काय करतो, तेवढंच बघा.

2024 मध्ये न्यूझीलंडने आपल्याला घरात 3-0 हरवलं. बारा वर्षांत मायदेशी मालिका न हरलेला आपला संघ होता. पुण्यात सँटनरने सामन्यात 13 बळी घेतले, वानखेडेवर एजाज पटेलने 11. तिथे 147 धावा हव्या होत्या आणि आपण 121 वर आटोपलो. वर्षभराने कोलकात्यात दक्षिण आफ्रिकेविरुद्ध 124 करायच्या होत्या, झाल्या 93. सायमन हार्मरने दोन्ही डावांत चार-चार बळी टिपले. मग गुवाहाटीत 408 धावांनी हार, धावांच्या हिशेबात आपला आजवरचा सगळ्यात मोठा पराभव.

लोक खेळपट्टीला दोष देतात. कोलकात्याची विकेट आपण मागितली तशीच मिळाली होती, हे संघ व्यवस्थापनानेच सांगितलं. आणि गुवाहाटीची तर चांगली होती, पाहुण्यांनी तिच्यावर 489 केल्या. कोलकात्याच्या त्याच विकेटवर टेंबा बावुमाने दुसऱ्या डावात 136 चेंडूंत नाबाद 55 केल्या. अख्ख्या सामन्यातलं ते एकमेव अर्धशतक. त्याने काय केलं ते पुन्हा एकदा शांतपणे बघा. चेंडू डोळ्याखाली येईपर्यंत थांबायचं, बॅट पॅडच्या जवळ, हात सैल, आणि वळून बाहेर गेला तर जाऊ द्यायचा. आपले फलंदाज मात्र टप्पा पडायच्या आधीच बॅट पुढे ढकलत होते. बॅटची कड घेऊन चेंडू स्लिपमध्ये जायचा, नाहीतर सरळ येऊन पॅडवर आदळायचा.

मी परभणीचा. काळी माती आमच्या रोजच्या बघण्यातली आहे. उन्हाळ्यात ती भेगाळते, पाणी पडलं की घट्ट बसते. पुण्याची ती विकेटही काळ्या मातीचीच होती. अशा मातीवर चेंडू उसळत नाही, खाली राहतो. एक वळतो, पुढचा त्याच टप्प्यावरून सरळ घुसतो. सँटनरने नेमकं तेच केलं, वेग बदलत राहिला आणि सरळ येणाऱ्या चेंडूवर माणसं काढली. इथे पाय हलल्याशिवाय भागत नाही, एक तर पार पुढे निघायचं किंवा पार मागे जायचं. मधे अडकलेला गेलाच. आमच्याकडची पोरं सिमेंटवर मॅट अंथरून खेळतात. तिथे चेंडू एकसारखा उसळी घेतो. काळ्या मातीच्या खऱ्या विकेटशी त्यांची गाठ पुण्याला गेल्यावरच पडते, तोवर सवयी पक्क्या झालेल्या असतात. भारताकडून खेळणाऱ्यांचंही फारसं वेगळं नाही, कारण वर्षातले किती दिवस ते देशातल्या वळणाऱ्या विकेटवर चार दिवसांचा सामना खेळतात?

आता नावं घेऊन बोलतो. ऋषभ पंतच्या फटक्यांवर तक्रारी खूप होतात, पण वानखेडेवर 60 आणि 64 त्यानेच केल्या. दुसऱ्या डावात 121 पैकी 64 एकट्याच्या. एजाजला त्याने टप्पाच सापडू दिला नाही. माझ्या यादीत पहिलं नाव त्याचं. यशस्वी जैस्वालने 2024 मध्ये इंग्लंडविरुद्ध घरच्या मालिकेत 712 धावा केल्या, त्याची काळजी नाही. शुभमन गिलच्या इंग्लंडमधल्या 754 धावा अभिमानाच्याच आहेत, तरी त्या वेगळ्या विकेटवरच्या होत्या. कोलकात्यात मान दुखावल्याने तो तीन चेंडू खेळून बाहेर पडला, म्हणजे हार्मरसमोर त्याची परीक्षा झालीच नाही. कर्णधार असला तरी त्याचीही परीक्षा घ्या.

सरफराज खानबद्दल मला वाईट वाटतं. बंगळुरूत 46 वर सगळे बाद झाल्यावर दुसऱ्या डावात त्याने 150 केल्या आणि आम्ही टाळ्या वाजवल्या. त्यानंतर पुणे आणि मुंबईत मिळून चार डावांत 21 धावा. त्यावरून त्याला वगळलं असेल तर तसं स्पष्ट सांगायला हवं होतं, म्हणजे रणजीत जाऊन काय दुरुस्त करायचं हे त्याला कळलं असतं. न सांगता वगळलं की खेळाडू चाचपडत राहतो.

आणि तिसरा क्रमांक. कोलकात्यात वॉशिंग्टन सुंदर तिसऱ्या क्रमांकावर आला, पुढच्याच कसोटीत आठव्या. त्याच्या जागी साई सुदर्शन. त्याआधी इंग्लंडमध्ये करुण नायर. पुजारानंतर ही जागा कोणाची झालीच नाही. गुवाहाटीत कुलदीप यादवने 134 चेंडू खेळून 19 धावा केल्या. गोलंदाज एवढा वेळ उभा राहतो, तर तिसऱ्या क्रमांकाच्या माणसाकडून आम्ही तेवढीच चिकाटी मागतो आहोत.

2002 ची हेडिंग्ले कसोटी तुम्हाला आठवत असेल, तुम्ही त्या संघात होतात. ढगाळ हवा, चेंडू हलतोय, आणि सलामीला संजय बांगर. जन्म आमच्या बीडचा. 236 चेंडूंत 68 धावा. द्रविडबरोबर 170 ची भागीदारी झाली आणि मग आपण एक डाव 46 धावांनी जिंकलो. बांगर काही त्या संघातला सगळ्यात गुणी फलंदाज नव्हता. त्या दिवशी त्या हवेत जे लागणार होतं ते त्याच्याकडे होतं, आणि कोणीतरी ते ओळखून त्याला सलामीला पाठवलं. निवड म्हणजे हीच. मराठवाड्यात आजही त्या 68 धावांबद्दल बोलतात.

त्याच बीडच्या सचिन धसने 2024 च्या 19 वर्षांखालील विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात 4 बाद 32 वरून 96 धावा काढल्या. आमच्या अंकित बावणेने 2016 मध्ये वानखेडेवर स्वप्निल गुगळेबरोबर 594 धावांची अभेद्य भागीदारी केली, पण कसोटी त्याच्या वाट्याला आली नाही. अशा पोरांच्या आईबापांना आम्ही काय सांगायचं? चार दिवसांच्या सामन्यात विकेटवर उभं राहायला शिकव म्हणायचं, की वीस षटकांचे फटके शिकव? तुमची यादी जाहीर होते तेव्हा इथल्या प्रत्येक मैदानावर त्याचं उत्तर पोचतं.

गोलंदाजीची मला फार चिंता नाही. बुमराह इंग्लंडमध्ये पाचपैकी तीन कसोटी खेळला, सिराज पाचही. घरच्या पाच कसोटींत बुमराह कोणत्या खेळणार, तेवढं आधी ठरवून ठेवा.

खरी अडचण वेळापत्रकाची आहे. रणजी आता दोन तुकड्यांत होते. नोव्हेंबरात पहिला टप्पा संपतो, मग टी-ट्वेंटी आणि वनडेचे सामने, आणि लाल चेंडू पुन्हा हातात येतो तो जानेवारीत. म्हणजे ऑस्ट्रेलियाचा फिरकीपटू नॅथन लायन याच्यासमोर उभं राहण्याआधी आपले फलंदाज दोन महिने पांढरा चेंडू मारत बसलेले असणार. 2023 मध्ये इंदूरला त्यांच्याच डावखुऱ्या फिरकीपटू कुनेमनने 16 धावांत 5 बळी घेऊन आपल्याला 109 वर गुंडाळलं होतं, दुसऱ्या डावात लायनने आठ. ते दोघे काही विसरलेले नसतील.

म्हणून मंडळाकडे आग्रह धरा. डिसेंबरात भारत अ संघाचे निदान दोन चार-दिवसीय सामने घ्या, एक काळ्या मातीवर आणि एक लाल मातीवर, दोन्ही विकेट वळणाऱ्या. कसोटीचे सगळे फलंदाज त्यात खेळले पाहिजेत. समोर रणजीत बळी घेणारे डावखुरे फिरकीपटू आणि ऑफस्पिनर हवेत. तुम्ही स्वतः पॅव्हेलियनमध्ये बसून पहिल्या तीस चेंडूंत कोणाचे पाय हलतात ते बघा. तिसऱ्या क्रमांकासाठी जो ठरेल त्याला तिथेच बोलावून सांगा की पाचही कसोटी तूच खेळणार आहेस, पहिल्या दोन डावांत शून्यावर गेलास तरी.

आपला,
परभणीचा एक क्रिकेटप्रेमी