पंधरा टोचे

जिनिव्हा
रविवार

ती. आईस शिरसाष्टांग नमस्कार,

बंडूचा फोन आला होता. बाबांच्या वर्षश्राद्धाला पेपरात मजकूर द्यायचा आहे, त्यासाठी त्याला त्यांच्या नोकरीतली सालं आणि देशांची नावं हवी आहेत. ती लिहितेच. पण आई, नुसती यादी छापू नका गं.

काल मुद्दाम जागतिक आरोग्य संघटनेच्या मुख्य कचेरीसमोर जाऊन आले. देवी रोगाच्या उच्चाटनाचं शिल्प आहे तिथे, 2010 साली बसवलेलं. चार माणसं, त्यातल्या एका मुलीच्या दंडावर लस टोचणार आहेत. हातमोजा काढून मी तिच्या दंडाला हात लावला आणि एकदम धंतोलीची आपली ओसरी आठवली.

बाबा सोमालियाहून परत आले, त्या हिवाळ्यातली गोष्ट. दाढीच्या डब्यातून त्यांनी ती सुई काढली, टोकाला दोन काटे असलेली. म्हणाले, या काट्यांच्या मधे लसीचा एवढासा थेंब अडकतो. सुई उभी धरायची आणि एकाच जागी, लहानशा गोलात, भराभर पंधरा टोचे. मला संत्र दिलं टोचायला. सालीतला रस उडून माझ्या डोळ्यात गेला, मी किंचाळले. त्यांनी आधी माझे डोळे धुतले, पदर नाही म्हणून आपल्या धोतराच्या सोग्याने पुसले, मग म्हणाले, "बारा झाले होते बेटा. तीन राहिले." ते तीन झाल्यावरच संत्र सोललं.

आता सालं. 1974 बिहार. त्या वर्षी जानेवारी ते मे एवढ्या काळात देशात देवीने सुमारे 15,000 माणसं गेली. 1975 बांगलादेश. 1977 सोमालिया. तिथल्या मेर्का गावात अली माओ मालिन नावाच्या, दवाखान्यात स्वयंपाकी असलेल्या तरुणाला 26 ऑक्टोबर 1977 ला पुरळ उठलं. निसर्गतः देवी झालेला जगातला तो शेवटचा माणूस. तो वाचला. 8 मे 1980 ला इथे जिनिव्हात जग देवीमुक्त झाल्याचं जाहीर झालं. त्यानंतर नेपाळ आणि झांबिया, तिथे मुलांच्या लसीकरणाचं काम.

आणि हे नक्की लिहायला सांग, कारण लोकांना वाटतं सगळ्यांना सरसकट लस दिली म्हणून देवी गेली. तसं नव्हतं. देवी आलेल्या मुलाचं चित्र घेऊन दारोदार विचारत फिरायचं. रोगी सापडला की त्याच्या दारावर पहारेकरी आणि आसपासच्या घरांतल्या एकूणएक माणसाला लस. 1975 साली आपल्याकडे खबर देणाऱ्याला 1,000 रुपये बक्षीस होतं. बाबा म्हणायचे, खरं काम दुसऱ्या खेपेचं. पहिल्यांदा लोक मूल लपवतात, म्हणून त्याच दारी पुन्हा जायचं.

माझ्याकडे त्यांचे एरोग्राम आहेत, तू दिलेले. बंडूच्या जन्माची तार बांगलादेशात बारिसालला अकरा दिवसांनी पोचली, ते पत्र तर तुला पाठच असेल. पण त्यानंतरचं, नोव्हेंबरमधलं काढून बघ. भोला बेटावर रहिमा बानू नावाची तीन वर्षांची मुलगी सापडली होती, आठ वर्षांच्या एका पोरीने खबर दिली म्हणून. देवीच्या जहाल प्रकारची ती जगातली शेवटची रोगी, हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. तिच्याबद्दल चार ओळी लिहून त्याच शाईत पुढे, "बंडूला ट्रिपलची लस दिली का?" आणि पुढच्या पत्रात पहिलीच ओळ, "लस दिली का ते कळवले नाहीस." उन्हाळ्यात कूलरच्या ताट्यांचंही असंच, दोनदा विचारायचे. आजीसाठी कडेला ठळक अक्षरात वेगळा मजकूर असे, तिला दिसावं म्हणून. तू शाळा, आजी, आम्ही दोघं एकटीने सांभाळलंस, हे त्यांना प्रत्येक पत्रात कळत होतं. पेपरात तुझं नावही यायला हवं.

सुट्टीवर आले की माझ्या वेण्या तेच घालत. एक जाड, एक बारीक. तशीच जायचे मी शाळेत, कुणाला सोडू द्यायचे नाही.

निवृत्तीनंतर पल्स पोलिओच्या रविवारी ते आपल्या गल्लीतल्या बूथवर बसत. 27 मार्च 2014 ला भारत पोलिओमुक्त जाहीर झाला, त्या संध्याकाळी सीताबर्डीहून संत्रा बर्फी आणून वाटली होती, आठवतं? मालिनही पुढे सोमालियात पोलिओच्या मोहिमेत काम करत होता. 2013 मध्ये तो गेला, तेव्हा बाबा त्या दिवशी जेवले नव्हते.

वर्षश्राद्धाला मी येते आहे, तिकीट काढलंय. ती सुई मेडिकल कॉलेजला देऊन टाकू, असं बंडू म्हणत होता. इतक्यात देऊ नका. चिमीला आधी शिकवायची आहे. मृग बहाराची संत्री तोवर मिळतील ना? चार-पाच बाजूला काढून ठेव.

तुझी,
सुधा