फोन लागला नाही तर घाबरू नका

ती. आई आणि बाबा,
शिरसाष्टांग नमस्कार.

पत्र लांब आहे. बाबा, दादाला सांगून मोठ्या अक्षरात प्रिंट काढून घ्या आणि दोघांनी मिळून वाचा. आई, बाबा मधलं गाळून शेवटावर जातील, तू जाऊ देऊ नकोस.

जे सांगायचं ते आधी सांगून टाकते. माझा इथला चीनमधला करार दोन वर्षांनी वाढलाय. सही सोमवारी केली आणि तुम्हाला आज कळवतेय, हे चुकलंच. फोनवर सांगितलं असतं तर बाबांनी "आईशी बोल" म्हणून फोन तिच्या हातात दिला असता, आई नुसतं "बरं" म्हणाली असती, आणि त्या "बरं"पुढे मला काही बोलता आलं नसतं. कापड काय सोलापुरात नाही का, असं तुम्ही विचाराल. आहे. पण चादर-टॉवेलच्या पलीकडचं, पडद्याचं, ड्रेसचं, हजार जातींचं कापड एका जागी बघायचं तर ते इथल्या केछ्याओच्या बाजारातच. शिवाय घराचे हप्ते दोन वर्षांत संपतात. शिवाय इथं कंपनीकडून राहायला जागा आहे. शिवाय पुण्यात असते तरी महिन्यातून एकदाच येणं झालं असतं. बघा, चार कारणं झाली. खरं एकच आहे, काम आत्ता कुठं हाताला लागलंय.

तुमचा जीव टांगणीला लागतो तो फोन न लागल्यामुळे, हे मला ठाऊक आहे. निघताना आई म्हणाली होती, भैय्या चौकातले कोटणीस डॉक्टरसुद्धा चीनला गेले ते गेलेच. आई, ते १९३८ साली गेले, लढाईत, आणि १९४२ साली तिकडेच वारले. माझ्या खिशात दोन सिमचा फोन आहे. तो कधी लागतो, कधी लागत नाही आणि का, हे एकदा नीट सांगते.

तुमचं व्हॉट्सॲप इथल्या इंटरनेटवर चालत नाही. २०१७ पासून इथं ते बंद आहे. इथले लोक वीचॅट वापरतात, आणि ते आपल्याकडे जून २०२० मध्ये सरकारनं बंद केलं. म्हणजे तुमचं इथं नाही, इथलं तुमच्याकडे नाही. बाबा, कुणाच्या सांगण्यावरून कुठूनतरी फाइल आणून वीचॅट फोनवर चढवू नका. अशा फाइलबरोबर काय आत येईल सांगता येत नाही, आणि त्याच फोनवर तुमचं पेन्शनचं खातं आहे.

मग आपण बोलतो कसं? भारतातलं सिम परदेशात रोमिंगवर असलं की त्याचं इंटरनेट आपल्या कंपनीमार्गे फिरून येतं, म्हणून त्याच्यावर व्हॉट्सॲप उघडतं. हाँगकाँगच्या कंपनीच्या ई-सिमचंही तसंच. पण घरातल्या किंवा ऑफिसातल्या वायफायवर असले की तुमचा मेसेज एका टिकवर अडकतो. एक टिक म्हणजे फोन वायफायवर आहे, एवढाच अर्थ. मी आजारी आहे, रुसले आहे, कुणी पळवून नेलंय, असा नाही. रोमिंगचं पॅक महाग पडतं, म्हणून ते मी रोज संध्याकाळी थोडा वेळच सुरू करते. आपल्यात अडीच तासांचं अंतर आहे, इथलं घड्याळ पुढे. तुमचे साडेसात वाजले की माझे दहा. तेव्हा मी करीन, तुम्ही करायचा नाही.

तातडीचं असेल तर साधा एसेमेस, माझ्या सोलापूरच्या नंबरवर. तो इंटरनेटशिवाय येतो आणि मला रोमिंगवर एसेमेस यायला पैसे पडत नाहीत. जीमेलवर काही पाठवू नका, तेही इथं उघडत नाही. ऑफिसचा मेल दादाकडे आहे.

म्हणून ते जुनं सिम जिवंत राहायला हवं. नव्वद दिवस नंबरचा काहीच वापर झाला नाही तर कंपनी तो बंद करू शकते, आणि बंद झालेला नंबर पुढे दुसऱ्या कुणाला दिला जातो. मग त्या माणसाला माझ्या बँकेचे ओटीपी जातील. व्हॉट्सॲपही त्याच नंबरवर आहे. बाबा, रिचार्जची तारीख कॅलेंडरवर लाल पेननं लिहा, दुधाच्या हिशेबाशेजारी. एक दिवससुद्धा पुढे ढकलू नका. फोनवर रिचार्ज जमलं नाही तर नवी पेठेतल्या दुकानात जा, पण दुकानदाराच्या हातात फोन उघडून देऊ नका.

आता पैशांचं. आई दर वेळी विचारते, पाकिटात पैसे आहेत ना गं? पाकिटात सगळ्या मिळून दोनशे युआनच्या नोटा असतात, त्या महिना-महिना तशाच राहतात. दुकानदाराला नोट नाकारता येत नाही, तसा नियम आहे, पण सुटे द्यायला त्याच्याकडेच नसतात. भाजी, भात, मेट्रो, चपलेचा टाका, सगळं फोनवर. आपल्या यूपीआयसारखंच, फरक एवढा की यूपीआयमध्ये पैसे थेट बँकेतून बँकेत जातात आणि इथं मध्ये कंपनीचं पाकीट असतं, वीचॅटचं किंवा अलीपेचं. अलीपेचं माहेर तर शेजारच्याच हांगचौमध्ये.

परक्या माणसाला हे सुरू करून घ्यायचं तर क्रम चुकवून चालत नाही. सिम, मग बँक, मग ॲप. ऑफिसात आपल्याकडची नवीन मुलं आली की त्यांना हेच सांगायचं असतं. सिम घ्यायला मूळ पासपोर्ट घेऊन चायना मोबाइल किंवा चायना युनिकॉमच्या मोठ्या दुकानात जायचं, कोपऱ्यावरच्या टपरीत नाही. डिसेंबर २०१९ पासून सिम देताना चेहराही जुळवून बघतात. पावतीवर नाव कसं छापलंय ते तिथंच, काउंटरवरून हलण्याआधी वाचायचं. सगळी गोम तिथंच आहे. आपल्या पासपोर्टवर आडनाव वेगळ्या ओळीत, आणि दुसऱ्या ओळीत माझं नाव नि बाबांचं नाव जोडीनं. एक कारकून आडनाव आधी लिहितो, दुसरा शेवटी, तिसरा मधली जागाच गाळतो. मग बँकेत नाव एक, सिमवर दुसरं, आणि ॲप म्हणतं ही तिन्ही माणसं वेगळी आहेत. बाबा, तुमचं नाव माझ्या नावाला इतकं घट्ट चिकटलंय की इथल्या संगणकालाही ते सुटं करता येत नाही.

बँकेत पासपोर्ट, राहण्याचा परवाना, इथला फोन नंबर, कंपनीचं पत्र आणि आपला पॅन नंबर लागतो, कारण ते आपल्या देशातला कराचा नंबर विचारतात. कार्ड मिळालं की वीचॅटमध्ये पासपोर्टचा फोटो, कार्डाचा नंबर, बँकेत दिलेला तोच फोन नंबर आणि सहा आकडी पिन. वीचॅटचं खातं उघडतानाही एक अट आहे. जुन्या वापरणाऱ्यानं आपला कोड स्कॅन करून "हा माझ्या ओळखीचा" असं सांगावं लागतं. तोही कुणीही चालत नाही. त्याचं खातं पुरेसं जुनं हवं, आणि त्यानं त्या महिन्यात दुसऱ्या कुणाची हमी घेतलेली नको. म्हणून ऑफिसात एकाच आठवड्यात चार मुलं आली की हमीदार शोधत फिरावं लागतं, लग्नात आहेराची यादी लिहायला माणूस शोधतात तसं.

इथलं कार्ड हातात येईपर्यंत भारतातलं व्हिसा किंवा मास्टरकार्ड जोडता येतं. रुपेच्या भरवशावर कुणी निघू नये. आपल्या बँकेच्या ॲपमध्ये परदेशातले आणि ऑनलाइन व्यवहार ही दोन्ही बटणं आधी चालू करायची. २०२० पासून नवीन कार्डावर ती बंदच असतात, आणि कार्ड जोडलं जात नाही त्याचं कारण बहुतेक वेळा तेच निघतं. दोनशे युआनपर्यंतच्या खरेदीवर जादा काही लागत नाही, त्यावर गेलं की तीन टक्के. आणि परदेशी कार्डावरून दुकानातच देता येतात, माणसाला पाठवता येत नाहीत. भाजीवाल्या मावशींनी स्वतःच्या खात्याचा कोड लावला असेल तर पैसे बऱ्याचदा अडतात. पाकिटातल्या त्या नोटा त्यासाठी.

सगळ्यात चिवट भानगड पासपोर्ट बदलला की होते. नवीन पासपोर्टचा नंबर वेगळा, आणि इथं माणूस म्हणजे तो नंबर. आधी राहण्याचा परवाना, मग बँक, मग सिम, शेवटी दोन्ही ॲप, असं एकेक बदलत जायचं. जुना पासपोर्ट टाकायचा नाही, दोन्ही बरोबर न्यायचे. माझा पुढच्या वर्षी संपतो. मी त्यासाठी आठवड्याची रजा आत्ताच धरून ठेवलीय, तेव्हा त्या दिवसांत फोन इकडे-तिकडे झाला तर देवाला नवस बोलू नका.

तिकडच्या खात्याचंही सांगायचंय. मी आता परदेशात राहणारी ठरते, म्हणून माझं साधं बचत खातं कायद्यानं तसंच ठेवता येत नाही, ते एनआरओ करून घेतलंय. बाबा, बँकेतून पत्र आलं तर दचकू नका, खातं बंद झालेलं नाही, नावापुढचा शिक्का बदललाय. काही देशांच्या फोन नंबरांवर एनआरओ खात्याला यूपीआय जोडता येतं, त्यात चीन नाही. म्हणजे तुमचं लाइट बिल मी भरते तेही त्याच जुन्या सिमच्या जोरावर. पुन्हा तेच, रिचार्ज.

आणि तुम्ही दोघं मार्चमध्ये इकडे यायचंय. विचारत नाहीये, तिकिटाचं दादाशी बोलून झालंय. गड्ड्याला, सिद्धेश्वराच्या यात्रेला, मी नसणार. नंदीध्वज निघताना आपल्या गच्चीवर माझी जागा रिकामी राहणार, हे मलाही इथं बसून टोचेल. लहानपणी बाबांच्या खांद्यावरून दिसायचं तेवढं नंतर कधीच दिसलं नाही. पण यात्रा झाली की थंडी ओसरते, आईच्या गुडघ्यांना बरं पडेल. इमारतीला लिफ्ट आहे. संडास आपल्यासारखा नि कमोडचा, दोन्ही आहेत. तूरडाळ मिळते, गव्हाचं पीठ मिळतं, आपल्याकडच्या व्यापाऱ्यांची इथं बरीच वस्ती आहे. शेंगदाण्याची चटणी मी इथंच कुटते. तुझ्यासारखी होत नाही, पण होते. तूप, पेढे, खवा काही आणायचं नाही, दुधाचे पदार्थ विमानतळावर काढून घेतात आणि मग आई दिवसभर त्या पेढ्यांसाठी हळहळत बसेल.

निघण्याआधी करायचं ते बाबांनी करायचं. सिमचं आंतरराष्ट्रीय रोमिंग सोलापुरातच सुरू करून घ्या, इथं आल्यावर ते जमवणं फार किचकट होतं. कार्डाची दोन बटणं मी व्हिडिओवर दाखवीन. अलीपे तिकडे टाकायच्या फंदात पडू नका. इथं उतरल्यावर मी करून देईन. गोळ्या दोन महिन्यांच्या, मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट. तुमची ती लाडकी पॉवरबँक घरीच ठेवा. जून २०२५ पासून इथल्या देशांतर्गत विमानात चिनी प्रमाणपत्राचा शिक्का नसलेली पॉवरबँक चालत नाही, आणि तुम्ही तपासणीवाल्याशी वाद घालत बसाल. मी इथली देईन. आल्यावर चोवीस तासांत पोलीस चौकीत नाव नोंदवायचं असतं. घाबरायचं नाही, पाहुण्यांची नोंद असते नुसती, मी बरोबर असेन.

आई, इथं पैसे देताना दोन पद्धती आहेत. आपण त्यांचा कोड स्कॅन करायचा, किंवा आपला कोड त्यांना दाखवायचा. तू दुसरी वापर, आकडा टाकावा लागत नाही. तो कोड मिनिटाला बदलतो. फक्त काउंटरवर दाखवायचा, त्याचा फोटो कुणी मागितला तर द्यायचा नाही, अगदी माझ्या नावानं मागितला तरी.

हे सोलापुरातही लागू. पैसे घ्यायला पिन लागत नाही, द्यायलाच लागतो. कुणी व्हिडिओवर पोलिसाच्या कपड्यात येऊन तुमची मुलगी चीनमध्ये पकडली गेलीय म्हणाला तर फोन ठेवायचा, ऐकून घ्यायचं नाही, आणि दादाला लावायचा. आपली खूण ठरलेलीच आहे. हिरव्या ट्रंकेत काय आहे, ते विचारायचं. ज्याला सांगता येणार नाही ती मी नाही.

बाबा, बीपीचं मशीन कपाटात ठेवून बीपी कळत नाही. रोज सकाळी चहाच्या आधी मोजून वहीत लिहा, रविवारी मला फोटो पाठवा. आई, तू ते लिहितात की नाही बघ, आणि दुपारी झोप. रागावून लिहिलंय असं वाटलं तर तसं नाहीये. इतक्या लांबून हात धरता येत नाही, म्हणून आवाज चढतो.

सिमची मुदत या महिन्याच्या २६ तारखेला संपतेय. बाबा, २४लाच करा.

तुमची,
बेबी