काळ्या यादीत आचारीही होते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला मॅकार्थी पर्वावरचा, म्हणजे अमेरिकेत कम्युनिस्ट असल्याच्या संशयावरून लोकांना काळ्या यादीत टाकून कामं नाकारली गेली त्या काळावरचा, पानभर लेख वाचला. भाषा सुरेख, फोटो झकास. पण सगळं रडगाणं हॉलिवूडचं! शिवाय सगळं खापर एकट्या सिनेटर मॅकार्थींवर. अहो, सरकारी खात्यात कम्युनिस्ट शिरल्याचा आरोप करणारं त्यांचं ते गाजलेलं भाषण फेब्रुवारी १९५० मधलं. युनियनच्या पदाधिकाऱ्यांकडून 'मी कम्युनिस्ट नाही' असं प्रतिज्ञापत्र मागणारा टाफ्ट-हार्टली कायदा जून १९४७ चा, तोही राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांचा नकाराधिकार डावलून केलेला. पुढे १९४९-५० मध्ये सीआयओ या कामगार महासंघानेच आपल्या ११ डाव्या युनियन बाहेर काढल्या. जहाजांवरच्या आचारी-स्टुअर्डांची युनियन त्यातलीच.

मी बोटीच्या भटारखान्यात उमेदवारी केली. सत्तरच्या दशकात सॅन फ्रान्सिस्कोच्या धक्क्यालगतच्या खानावळीत एक म्हातारा आचारी भेटला होता. पूर्वी बोटीवर असायचा. मग सोडली का? १९५० साली कोरियाचं युद्ध पेटलं आणि बोटीवर चढणाऱ्यांची कोस्ट गार्डकडून छाननी सुरू झाली. याला पासच मिळाला नाही. आरोप कोणी केला, ते सांगायचं नाही. सुनावणीत विचारलं काय, तर युनियनमध्ये उठबस कोणाशी आणि पेपर कुठला वाचतोस! किनाऱ्यावर काम धरलं की साध्या कपड्यांतली दोन माणसं मालकाशी बोलून जायची, शनिवारी याचा हिशेब चुकता. कांदा चिरता चिरता सांगत होता, सुरी थांबली नाही. बायको मुलांना घेऊन माहेरी गेली ती गेलीच. १९५५ मध्ये अपील कोर्टाने ही छाननीची पद्धत बेकायदा ठरवली. उपकारच म्हणायचे!

तुमच्या लेखातल्या, काळ्या यादीतल्या पटकथालेखक डाल्टन ट्रम्बो यांना टोपणनावाने का होईना, ऑस्कर मिळालं. फाटकावर फोटोचा पास दाखवावा लागणाऱ्याने टोपणनाव घेऊन करायचं काय?

निदान हॅरी ब्रिजेस तरी लेखात हवे होते. गोदी कामगारांच्या या ऑस्ट्रेलियात जन्मलेल्या पुढाऱ्याला देशाबाहेर हाकलण्यासाठी अमेरिकी सरकार सुप्रीम कोर्टात दोनदा तोंडघशी पडलं, तरी १९५५ पर्यंत खटले चालूच. लेखकमहाशयांना सिनेमातून सवड मिळाली नसावी.

आपला,
एक निवृत्त खलाशी, रत्नागिरी

ता. क. : पुरवणीत करड्या रंगावर पांढरी अक्षरं छापायची कल्पना कोणाची? भिंग घेऊन बसावं लागतं. शब्दकोड्याची उत्तरंही दोन रविवार गायब आहेत.