प्रत्येक संशयी पती स्किझोफ्रेनियाचा रुग्ण नव्हे

रविवारच्या पुरवणीतील लेखात पत्नीवर टोकाचा संशय घेणाऱ्या पतींना सरसकट स्किझोफ्रेनियाचे रुग्ण ठरवले आहे, ते खटकले. भ्रमविकार (डिल्यूजनल डिसऑर्डर), म्हणजे पुरावा नसतानाही एखादी चुकीची समजूत पक्की धरून बसण्याचा आजार, हे स्वतंत्र निदान आहे. असा माणूस नोकरी चोख करतो, कर्जाचे हप्ते वेळेवर भरतो. फक्त पत्नीच्या फोनमधला प्रत्येक अनोळखी नंबर त्याला पुरावा वाटतो. म्हणूनच घरच्यांना आजाराची शंका येत नाही आणि उपचार लांबतात. स्किझोफ्रेनियात सहसा दिसणारे ठळक भास किंवा विस्कळीत बोलणे इथे नसते. मानसिक आजारांच्या निदानासाठीच्या अमेरिकेच्या 'डीएसएम-५' या पुस्तिकेनुसार (२०१३) या निदानासाठी भ्रम किमान १ महिना टिकावा लागतो, जागतिक आरोग्य संघटनेच्या 'आयसीडी-११' या आजारांच्या वर्गीकरणानुसार साधारण ३ महिने. चुकीचा शिक्का बसला की 'मला कुठे भास होतात?' म्हणत रुग्ण दवाखान्याची पायरी चढत नाही. पत्नी मात्र रोज उलटतपासणी सोसते. कृपया मानसोपचारतज्ज्ञाकडून हा फरक सविस्तर लिहून घ्यावा.

— एक वाचक, सातारा